पीएच.डी. झाल्यावर मॅडमचं काय झालं : सांगलीतलं एक प्रकरण

सांगलीतल्या एका अनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांच्या मानधनावर, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमचं हे प्रकरण. पीएच.डी. मिळाल्याची विद्यापीठाची अधिसूचना मे २०२३ मध्ये निघाली तेव्हा त्यांचं वय ३४ होतं. मी त्याच कॉलेजच्या संशोधन समितीत आहे, विषय माझा वेगळा. त्यांच्या संमतीनं लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, गावांची नावं बहुतेक गाळली आहेत.

सुरुवातीला समितीपुढे हा विषय रीतसर आलाच नव्हता. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली भरताना पीएच.डी. झालेल्या शिक्षकांची यादी करायची होती. कुणीतरी म्हणालं, या मॅडमचंही नाव घाला की, नुकतीच झाली आहे. कार्यालयीन अधीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं आणि सांगितलं, "त्या पूर्णवेळ नाहीत, सर. तक्त्यात बसत नाहीत." ते नियमाला धरूनच बोलत होते. पण मग प्रश्न उरला तो असा, की संशोधन करून पदवी मिळवलेली ही व्यक्ती नक्की कुणाच्या तक्त्यात बसते? विद्यापीठाच्या लेखी त्या आता विद्यार्थी नाहीत. कॉलेजच्या लेखी त्या दरवर्षी नव्या आदेशानं येणाऱ्या आणि एप्रिलमध्ये संपणाऱ्या. गाइड सर त्याच वर्षी निवृत्त झालेले. पीएच.डी. करताना दर सहा महिन्यांनी प्रगती विचारायला एक समिती तरी असते. पदवी मिळाली की तीही उठते.

आधी त्यांचं काम काय होतं ते सांगतो, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावर अवलंबून आहेत. वाळवा, पलूस, मिरज या कृष्णाकाठच्या तालुक्यांत क्षारपड जमिनीचा प्रश्न जुना आहे. काळी, खोल जमीन, ऊस, पाटानं दिलेलं भरपूर पाणी आणि निचरा नाही. जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येते, त्याबरोबर क्षार वर चढतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. शेतकरी म्हणतात, रानाला मीठ फुटलं. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की ती जमीन क्षारयुक्त धरतात. सोडियमचं प्रमाण चढलं की ती चोपण होते आणि मग पाणी मुरतच नाही. अशा मातीतही काही जिवाणू तग धरून असतात. ताणाखाली झाड इथिलीन जास्त तयार करतं आणि त्यानं मुळांची वाढ खुंटते. यातल्या काही जिवाणूंकडे एसीसी डीअमिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते इथिलीन तयार होण्याआधीचा पदार्थच फोडून टाकतं, म्हणून मूळ वाढत राहतं. मॅडमनी असे जिवाणू क्षारपड रानांतून वेगळे केले आणि उसाच्या रोपांवर कुंड्यांमध्ये तपासले. त्यांच्या माहेरच्या रानाचा एक तुकडाही क्षारपडच आहे, त्यामुळे नमुन्याला कुठं जायचं हा प्रश्न त्यांना पडला नाही.

नोंदणी २०१८ ची. पाच वर्षं लागली, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न हमखास हाच येतो : एवढा वेळ का? ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती, तिथं पाणी शिरलं नाही, पण शहराच्या त्या भागात कितीतरी दिवस वीज नव्हती. उणे २० अंशांवर जिवाणू ठेवलेल्या कुप्यांतलं सगळं वितळलं, सडलं. दीड वर्षाचे जिवाणू गेले. पुन्हा नमुने, पुन्हा वेगळं करणं, तोवर मार्च २०२० ची टाळेबंदी, आणि जुलै २०२१ मध्ये परत पूर. हे सगळं त्यांच्या बायोडेटात कुठेच नव्हतं. मी विचारलं, लिहिलं का नाही? तर म्हणाल्या, "रडगाणं वाटेल, सर." मला तसं वाटलं नाही. पुरात सगळं गेल्यावर तोच संच पुन्हा उभा करणं ही संशोधकाची कुवतच आहे, आणि दोन ओळींत कोरडेपणानं लिहिता येते. ती आम्ही लिहिली.

जुलै २०२३ मधलं वेळापत्रक

त्या वेळी मॅडम दोन कॉलेजांत शिकवत होत्या : सांगलीत आमच्याकडे आणि आष्टा रस्त्याला दुसरीकडे. आठवड्याचे सहाही दिवस भरलेले, त्यातले तीन एसटीत. मुलगा चार वर्षांचा. पती साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, हंगामात पाळ्या. सासूबाई मुलाला सांभाळतात, पण त्यांचे गुडघे आता बोलतात. तासिकेचं मानधन दर महिन्याला येत नाही. मध्येच दोन-तीन महिन्यांचं एकदम येतं, आणि मे महिना कोरडा.

वर्षभरात काय करायचं आहे ते कागदावर लिहून आणा म्हणालो. दोन पानं आली. चार परिषदा, एका संपादित पुस्तकात प्रकरण, एक आठवड्याचा प्राध्यापक प्रशिक्षण वर्ग, दोन शोधनिबंध, एनएसएसच्या शिबिराला मदत, परीक्षा विभागाचं काम, विज्ञान मंडळाचं भित्तिपत्रक, आणि शेवटी बारीक अक्षरात, पीएच.डी.नंतरच्या संशोधनाबद्दल, "पोस्ट-डॉक? वय?"

इतकं सगळं कशासाठी? "कशाचा उपयोग होईल सांगता येत नाही ना. म्हणून सगळंच करते."

आमच्याकडच्या बहुतेक तरुण संशोधकांची हीच गत आहे असं माझं निरीक्षण आहे. त्यांना कामाचा कंटाळा नाही. काय सोडायचं हे त्यांना कुणी सांगत नाही. विभागप्रमुख सांगणार नाहीत, कारण शिबिराला माणूस हवा असतो. परिषदेचे आयोजक सांगणार नाहीत, त्यांना नोंदणी हवी असते. करिअर मार्गदर्शनाची कार्यशाळा आम्हीही त्याच वर्षी घेतली; वक्ते पुण्याहून आले, ध्येय आणि वेळेचं व्यवस्थापन यावर बोलले, उपमा-चहा चांगला होता. मॅडम त्या दिवशी आष्टा रस्त्याच्या कॉलेजात प्रात्यक्षिकं घेत होत्या, म्हणून त्यांना येताच आलं नाही.

तक्ता समोर ठेवून

कामाला आलेली पहिली गोष्ट अगदी साधी होती. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, जुलै २०१८ ची नियमावली छापून काढली आणि सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी उमेदवार छाननीला कसे गुण देतात तो तक्ता घेऊन आम्ही दोन शनिवार बसलो. कॉलेजातल्या पदासाठी पीएच.डी.ला २५ गुण. शोधनिबंधाला प्रत्येकी २, पण कमाल ६. म्हणजे तीन निबंध झाले की त्या रकान्यात आणखी काही भरत नाही. विद्यापीठातल्या पदासाठी हीच कमाल १० आहे, म्हणजे पाच निबंध. शिकवण्याच्या किंवा पोस्ट-डॉकच्या अनुभवाला वर्षाला २, कमाल १०. वर्ष पूर्ण नसेल तर त्या प्रमाणात कमी. परिषदेत निबंध वाचल्याचे गुण शून्य.

मॅडमकडे परिषदांची अकरा प्रमाणपत्रं होती, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, तारखेनुसार लावलेली. ही सवय कुठून लागली तेही कळतं. २०१६ च्या पीएच.डी. नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध आणि दोन परिषदांमधलं सादरीकरण सक्तीचं होतं. २०२२ च्या नियमावलीनं ती सक्ती काढली. दोन लागत होती, त्यांनी अकरा केली, आणि अट गेल्यावरही गाडी चालूच राहिली. प्रत्येक परिषदेला नोंदणी शुल्क, प्रवास, एक दिवसाची तासिका बुडालेली.

दुसरीकडे नेट, म्हणजे सहायक प्राध्यापकाची देशपातळीवरची पात्रता परीक्षा. मॅडमची सेट, म्हणजे तीच राज्यपातळीवरची, झालेली होती. तक्त्यात सेटला ५, नेटला ८, जेआरएफसह (संशोधन शिष्यवृत्तीसह) नेटला १०. त्या पीएच.डी.मुळे पात्र होत्याच, म्हणून नेटचा विचार सुचवायला कुणाला कारण वाटलं नव्हतं. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी नेटला वयाची अट नाही. तीन गुण म्हणजे दीड शोधनिबंध, आणि त्यांचा निबंधाचा रकाना कॉलेजच्या हिशोबानं भरलेलाच होता. त्यांच्या चारपैकी एक निबंध मात्र आम्ही मोजायचाच नाही असं ठरवलं. पैसे भरून आठ दिवसांत छापून आलेला, परीक्षकाची एक ओळ नाही. त्या काळात नियतकालिकं यूजीसी-केअरच्या यादीवरून पारखायची पद्धत होती, आणि हे नियतकालिक यादीत नव्हतंच. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं ती यादीच बंद केली आणि पारख संस्थांवर सोडली; आमच्यासारख्या कॉलेजात ती पारख करणार कोण, हा वेगळाच विषय आहे.

अनुभवाचा रकाना मॅडम "पाच वर्षं" असा भरत होत्या. आदेश काढून बघितले तर एक ऑगस्टचा, एक सप्टेंबरचा, संपतात सगळे एप्रिलच्या आसपास. एका वर्षाच्या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यताच घेतलेली नव्हती. प्रस्ताव कुठल्यातरी टेबलावर राहिला होता. तासिकेचा अनुभव धरायचा का, किती धरायचा, याबद्दल दर छाननी समितीगणिक वेगळं ऐकायला मिळतं. आणि पुढे नियमित नोकरी लागल्यावर पदोन्नतीसाठी मागची सेवा धरताना नियमावली विचारते की तेव्हाचं एकूण वेतन नियमित शिक्षकापेक्षा कमी तर नव्हतं ना. तासिकेवाल्याचं ते कमीच असतं, त्यामुळे तिथं ही वर्षं गेलीच. हे ऐकल्यावर मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "म्हणजे आष्ट्याला जाणं फक्त पैशासाठीच?" मी हो म्हणालो. पैसा हे कारणही लहान नाही, पण तो किती आणि त्यासाठी जातं काय, हे एकदा मांडलं पाहिजे होतं.

या तक्त्याची एक खोच मॅडमना सांगावीच लागली. हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते. निवड मुलाखतीवर होते, असं नियमावलीच म्हणते. मुलाखतीच्या खोलीत काय काय चालतं याबद्दल आपल्याकडे चहाच्या टपरीवर जे बोललं जातं, ते त्यांनाही माहीत होतं. त्यावर आमच्या समितीकडे उपाय नव्हता आणि असल्याचं आम्ही भासवलंही नाही.

वय, आणि नियमित पदाची अट

"पोस्ट-डॉक? वय?" या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत मिळालं, आणि तेच जास्त खटकलं. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपची वयोमर्यादा ३५ आहे हे मॅडमना ठाऊक होतं. महिलांना ५ वर्षांची सवलत आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दार बंद होत आलं असं समजून त्या जगत होत्या. ही माहिती जाहिरातीत असते. पण जाहिरात वाचायची तर आधी वाटायला हवं की ती आपल्यासाठी आहे.

पुढे ही फेलोशिप देणारं सर्ब हे केंद्राचं संशोधन निधी मंडळ अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झालं आणि २०२४ मध्ये प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आलं. विभागात एक-दोघांनी मॅडमना उत्साहानं दुवा पाठवला. त्यात अर्जदार नियमित पदावर असण्याची अट आहे. ज्याला पक्की नोकरी आहे त्याच्या सुरुवातीच्या काळाला आधार द्यायची ती योजना आहे, आणि तेवढ्यापुरती ती चांगलीच आहे. तासिकेवाल्यानं तिच्यावर दोन आठवडे घालवू नयेत, इतकंच. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या महिलांसाठीच्या वाइज-किरण योजनांची माहिती मात्र आम्ही काढून ठेवली.

घर, गाइड आणि कुप्या

पोस्ट-डॉक म्हणजे पुणे. सूक्ष्मजीवांवर काम करणाऱ्या संस्था तिथं आहेत, उसावर वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीला आहे. घरी विषय काढला तेव्हा पती म्हणाले, जा. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि मॅडमच्या मते तेच उत्तर होतं. दोन दिवसांनी त्यांनीच विचारलं, "किती दिवसांचं आहे?" "दोन वर्षं, आई. शनिवार-रविवार येईन." "मग तोवर त्याला बालवाडीत घाला, मला दिवसभर होत नाही." घराची वाटाघाटी एवढ्यावर मिटली असं नाही, पण सुरुवात झाली. अशा चर्चेत कॉलेजनं पडू नये असं माझं मत आहे. फक्त पगार किती, मुदत किती, सुट्टी किती हे कागदावर लेखी द्यावं, म्हणजे घरात अंदाजावर भांडण होत नाही.

गाइड सरांचं अवघड होतं. माणूस चांगला. पुराच्या काळात स्वतःच्या गाडीतून जिवाणू वाढवायच्या आगरच्या बाटल्या वाहिलेले. पण निवृत्तीनंतरही प्रत्येक निबंधात पत्रव्यवहार करणारे लेखक म्हणून आपलंच नाव राहावं अशी त्यांची अपेक्षा होती. यूजीसीच्या संशोधन गुणांकनात दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर प्रथम किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के गुण मिळतात. मॅडम प्रथम लेखक होत्याच, त्यामुळे गुणांचा तोटा नव्हता. पण स्वतंत्र संशोधक म्हणून ओळख व्हायची तर विचारणा त्यांच्या पत्त्यावर यायला हवी होती. सरांना हे कसं सांगायचं यावर आम्ही बरंच बोललो. शेवटी त्या स्वतःच गेल्या. प्रबंधातल्या उरलेल्या दोन निबंधांवर सरांचं नाव तसंच राहील, नव्या कुंडी-प्रयोगाचा निबंध मॅडमच्या नावानं जाईल, असं ठरलं. सर म्हणाले, "अगं, आधीच सांगायचं की." मला वाटतं त्यांना थोडं लागलं. पण त्या निबंधाचा पहिला मसुदा त्यांनीच लाल पेनानं वाचून दिला.

कुप्यांबद्दल एक सल्ला मी कुठल्याही जिवाणूवाल्याला देईन. दोन पुरांनंतरही सगळा संच कॉलेजच्या एकाच फ्रीजरमध्ये होता. देशात सूक्ष्मजीव जतन करणाऱ्या संस्था आहेत : चंडीगडला एमटीसीसी, पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र. महत्त्वाचे वाण तिथं ठेवले की पुराची भीती जाते, आणि मिळालेला क्रमांक निबंधात देता येतो. मॅडमनी चार वाण पाठवले. पाठवण्याचा खर्च, फॉर्म, कोरड्या बर्फाची सोय यासाठी कॉलेजकडून थोडे पैसे निघाले. कॉलेजनं केलेल्या खर्चातला मला सर्वांत सार्थ वाटलेला तोच.

शेतकऱ्यांची बाजूही आली. ज्यांच्या रानातून माती नेली त्यांच्यातले एक दादा दर वेळी विचारायचे, "मॅडम, तुमची ती बाटली कवा मिळायची?" मॅडमना ते बोचायचं. जैविक खत म्हणून काही विकायचं तर ते खत नियंत्रण आदेशाच्या चौकटीत बसावं लागतं, आधी शेतावरच्या चाचण्या लागतात, आणि निचरा नसलेल्या रानात नुसत्या जिवाणूंनी मीठ जात नाही. हे त्यांनी दादांना स्पष्ट सांगितलं, सोबत त्यांच्या मातीचा अहवाल मराठीत करून दिला. दादांनी तो अहवाल घेऊन निचऱ्याच्या पाइपांसाठी चौकशी सुरू केली.

काय झालं

कॉलेजनं दोन गोष्टी केल्या. आमच्याकडच्या तासिका सोमवार ते गुरुवार बसवल्या आणि शुक्रवारी प्रयोगशाळेची किल्ली मॅडमकडे दिली. किल्लीवरून शिपायापासून विभागप्रमुखापर्यंत सगळ्यांची कुरबुर झाली, कारण तासिकेवाल्यांकडे किल्ली देत नाहीत. शिबिर, भित्तिपत्रक आणि परीक्षा विभाग यांतलं एकच काम घ्यायचं असं लेखी ठरलं. त्यांनी परीक्षा विभाग घेतला, कारण त्याचं मानधन मिळतं. आष्टा रस्त्याचं कॉलेज पुढच्या जूनमध्ये सोडलं. परिषदा एक ठेवली. मान्यतेचा रखडलेला प्रस्ताव शोधून पाठवला, पण जुन्या वर्षाला मान्यता मिळाली नाही.

नेट पहिल्या खेपेला थोडक्यात राहिली, दुसऱ्यांदा झाली. दोन कॉलेजांच्या मुलाखतींना बोलावणं आलं, निवड कुठेच झाली नाही. पोस्ट-डॉक फेलोशिपचा अर्ज नाकारला गेला. परीक्षकाचा शेरा असा, की शेतावरच्या चाचणीचा आराखडा कच्चा आहे. शेरा बरोबर होता. त्या आराखड्यावर काम करताना पुण्यातल्या ज्या शास्त्रज्ञांना मॅडमनी पत्र लिहिलं, त्यांच्याकडच्या प्रकल्पात संशोधन सहयोगीची जागा निघाली. केंद्राच्या दरानं पहिल्या पायरीला महिना ५८,००० रुपये आणि घरभाडं. मुदत प्रकल्पापुरती. त्या गेल्या. शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटहून सांगलीची एसटी पकडतात.

इथं समितीत मतभेद झाले. एका सदस्यांचं म्हणणं, आपण किल्ली दिली, पैसे दिले आणि माणूस पुण्याला गेला, कॉलेजला काय मिळालं? माझं म्हणणं असं, की त्यांना नियमित जागा देणं आपल्या हातात नव्हतं, मग त्या इथंच अडकून राहाव्यात अशी इच्छा धरायला आपल्याला तोंड नाही. शिवाय कुंडी-प्रयोगाच्या निबंधावर पत्ता आपल्या कॉलेजचा आहे. यावर एकमत झालं नाही, इतिवृत्तात "चर्चा झाली" एवढंच आहे.

त्यांच्या जागी आता तासिकेवर आलेले सर पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षात आहेत. त्यांना २०२२ ची नियमावली लागू आहे, म्हणजे नोंदणीपासून कमाल सहा वर्षं, आणि परिषदांची सक्ती नाही. त्यांच्याकडे आत्ताच चार प्रमाणपत्रं आहेत. त्यांच्यासोबत तक्ता घेऊन बसायचं दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी ठरलं आहे. फ्रीजरला इन्व्हर्टर बसवण्याचा प्रस्ताव खरेदी समितीकडे गेला आहे, दरपत्रकं तीन हवीत, आली आहेत दोन.